दोन तिकिटांचं वजन

शाफ्टची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा हात,
चाळीस वर्षं उद्यमनगरात, लेथवर.
त्याच हातानं रात्री तिकिटांचे दाते मोजतो.
इंग्रजी मला शिक्क्यांपुरतंच येतं:
न्यू यॉर्क, लंडन, ब्रिंदिसी,
सी पोस्ट ऑफिस, बॉम्बे.

अमेरिकेतून परमुलखात गेलेली जुनी पाकिटं, एवढाच नाद.
हवानाचं एक होतं, काळ्या किनारीचं, म्हणजे सुतकाचं.
योकोहामाचं एक, घाईत फाडलेलं,
अर्धं तिकीट फाडणाऱ्याच्या बोटाबरोबर गेलेलं.
बायको म्हणायची, दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत.
वाचतोय कुठं? आत पत्र नसतंच.
मी फक्त वाट वाचतो.

कोल्हापूरला आलेलं मात्र एकच मिळालं.
लक्ष्मीपुरीत, इलाही बागवानच्या रद्दीत,
गुळाच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्याखाली.
"चाळीस द्या मिस्त्री. आत नोट निघाली तर माझी."
साल १८८४. ओहायोतलं कुठलंसं गाव, शिक्क्यात अर्धंच उमटलेलं.
मिस हॅरिएट अमुकतमुक, अमेरिकन मिशन, कोल्हापोर.
तेव्हा इथं रेल्वे नव्हती.
पुण्यापर्यंत गाडी, पुढं टांगा, सातारा, कऱ्हाड,
नद्या ओलांडायच्या तशा ओलांडत.
मागं इथल्या पोस्टाचा शिक्का, म्हणजे गावात आलं.
आणि पाकीट बंद.
कुणी फोडलंच नव्हतं.

पाच सेंटची दोन तपकिरी तिकिटं.
अर्ध्या औंसापर्यंत एकात भागतं.
म्हणजे आत कागदाहून जड काहीतरी.
बेअरिंग ऐकतात तसं कानाशी धरून हलवलं.
खुळ् वाजलं.

सलोमीबाई सातपुते, मिशन दवाखान्यातल्या जुन्या नर्स,
बघून म्हणाल्या, "फोडा की."
म्हटलं, फोडलं की मोल गेलं.
"कुणाचं?"
बावीस वर्षं मी त्याला उत्तर दिलं नाही.

मग २०१९चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पाणी
पन्नास फुटांच्या वर गेलं.
कुंभार गल्लीतून आम्हाला नावेत बसवून काढलं.
बायकोचा फोटो घेतला, साखरेच्या गोळ्या घेतल्या.
आल्बम कपाटाच्या खालच्या खणात राहिले.
विसरलो, असं सगळ्यांना सांगितलं.
विसरलो नव्हतो. छातीएवढ्या पाण्यात वाकायची भीती वाटली.

आठ दिवसांनी चिखल खरवडला.
हवाना आणि योकोहामा एकमेकांत मिसळून लगदा.
कोल्हापोरचं तेवढं फुगून पडलेलं,
एकशे पस्तीस वर्षांचा डिंक
आपल्या आपण सुटलेला.
आत कागद. त्यावर शाई नाही, जांभळट धूर.
आणि शिंपल्याची पाच बटणं,
ओवलेला दोरा कुजलेला.

सलोमीबाईंनी कागद उन्हात धरला.
तळाशी पेन्सिलीनं लिहिलेली एकच ओळ लागली त्यांना.
दोनदा वाचली, मग मराठीत सांगितली:
"सहावं कुठंच मिळालं नाही गं."

कुठल्या झंपराचं असेल, त्या म्हणाल्या.
आणि ही हॅरिएट? तोवर गेली असेल.
महाबळेश्वरला का देवाघरी,
ते शिक्क्यावरून कळत नाही.

पुण्याचा व्यापारी लांबूनच म्हणाला, आता याला किंमत नाही.
मी मान हलवली. चहा पाजला त्याला.

सहावं मी पितळेचं करून बघितलं.
व्यास बरोबर, चारी भोकं बरोबर,
कड अशी घासली की दोरा तुटणार नाही.
रंगाला जमत नाही ते.
तरी ठेवलंय त्याच पाकिटात, बाकीच्या पाचांशेजारी.
हलवलं की आवाज वेगळा येतो.
आता बहुतेक
तीन तिकिटं लागली असती.